बूट काढायचा हुकूम

४ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला आणि मी अजून जमिनीवर आलेले नाही. आई म्हणते, इतकी हुरळू नकोस, दृष्ट लागेल. लागू दे. एम.एस.डब्ल्यू. होऊन घरी बसले तेव्हापासून प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी मावशी विचारायचीच, "पण तुम्ही समाजसेवावाले करता काय नेमकं?" आता मला सांगता येतं. मी वसईत माजी सैनिकांच्या दवाखान्यात समाजसेविका आहे. मला टेबल आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली वीट लावलीय, पण टेबल माझं आहे.

काम असं की म्हातारे फौजी डॉक्टरांना दाखवायला येतात, शुगर, बीपी, गुडघे. डॉक्टरांकडे रांग मोठी. तर आधी माझ्यापाशी बसायचं आणि मी गप्पा मारता मारता काढून घ्यायचं, की घरी कोण बघतं, गोळ्या वेळेवर घेतात का, झोप लागते का, मनात काय सलतंय. गप्पा मारायला कुणी मला नोकरीवर ठेवलंय यावर माझा अजून विश्वास बसत नाही. शाळेत याच गुणासाठी बाई मला वर्गाबाहेर उभं करायच्या.

डॉक्टर म्हणजे कर्नल हर्षवर्धन. फौजेतलेच डॉक्टर, आता निवृत्त. तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलतात. नोंदणीच्या खिडकीत शांताराम काका बसतात, रिटायर हवालदार, जूचंद्रचे. मला पाहून म्हणाले, "बाय, तू कोन? पेशंटची नात का?" मी ताठ मानेने सांगितलं, मी स्वप्ना, नवी सोशल वर्कर. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. खाली जरा जास्त वेळ पाहिलं.

कारण माझ्या सँडल. तुळिंजच्या बाजारातून आजच्यासाठी खास घेतल्या, मोरपंखी, चांगल्या उंच टाचेच्या. आई म्हणाली होती, कामाला जातेयस का वरातीला. दुकानदार म्हणाला, मॅडम, दोन दिवस चावतील, मग पायाला बसतील. आज चावल्या. आता उद्याचा दिवस तेवढा राहिला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझे फौजी. काय सांगू मी यांच्याबद्दल.

माणसं दवाखान्यात जाताना पायात मिळेल ती चप्पल सरकवतात. हे परेडला निघाल्यासारखे येतात. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, आणि बूट असे की त्यात बघून टिकली नीट करावी. मी केलीसुद्धा, सुभेदार जयवंत साहेबांच्या बुटात. ते पाय न हलवता बसून राहिले बिचारे.

सगळ्यांत लाडके सॅन्टन अंकल. नंदाखालचे, केळीची वाडी आहे, वय बहात्तर, शुगरसाठी येतात. फौजेत ते बँडमध्ये होते, कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, मग तुमची मजा होती, लढाईत बाकीचे लढणार आणि तुम्ही वाजवणार. तर म्हणाले, "कोण बोललं तुला? लढाई लागली की वाजंत्री पेटीत बंद. हातात स्ट्रेचर. जखमींना उचलून मागे आणायचं काम बँडचं. एकाहत्तरला मी एकोणीस वर्षांचा होतो, बेटा. तेव्हा जेवढं वजन उचललं तेवढे सूर आयुष्यात वाजवले नाहीत."

माझं हसू विरलेलं दिसताच त्यांनी विषय फिरवला आणि फुट इन्स्पेक्शनची गोष्ट सांगितली. लांबची कूच झाली की सगळ्या पलटनीला खाली बसवायचे. हुकूम यायचा, बूट उतार. मग साहेब स्वतः रांगेतून वाकून एकेकाचा पाय बघणार. "फोड दाखवला तर चहा. लपवला तर चार्ज, म्हणजे शिक्षा. कारण एकाचा पाय गेला की बाकीच्यांनी त्याला उचलायचं." एकाने म्हणे आदल्या रात्री मोज्याला अत्तर लावलं होतं, तर साहेब म्हणाले, तू लढायला आलायस का मुलगी बघायला. मी इतकी हसले की शांताराम काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

अंकलनी सुकेळी दिली, घरची केळी वाळवून केलेली, पानात बांधलेली. पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा नियम असावा. मी उद्या वाचेन. आज संपली.

१३ नोव्हेंबर

माझा पहिला अहवाल कर्नल साहेबांना दिला. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. आजवर जेवढ्यांशी बोलले त्यातल्या एकालाही काही त्रास नाही. झोप? फर्स्ट क्लास. भूक? फर्स्ट क्लास. मन? एकदम फर्स्ट क्लास. मी म्हटलं, "सर, आपले पेशंट किती पॉझिटिव्ह आहेत."

साहेबांची डावी भुवई वर गेली. "सत्तरीच्या पुढची एवढी माणसं आणि एकालाही काही होत नाही. मग मी घरी जातो."

"म्हणजे सर?"

"म्हणजे तुम्ही अजून गप्पा मारा."

तेच तर करतेय. शांताराम काकांनी आज माझी खुर्ची फाइलींच्या कपाटाजवळ आणून ठेवली. म्हणाले, "सारखी उठबस नको, बाय." त्यांना वाटतं मी नाजूक आहे. सँडल अजून बसल्या नाहीत. टाचेवर पट्टी लावलीय, पट्टीवर अजून एक पट्टी. आईने विचारलं, लंगडतेस का? म्हटलं, छे, फर्स्ट क्लास.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सॅन्टन अंकलची नात इझाबेल हिचं लग्न एकोणीस जानेवारीला. आणि मला आमंत्रण. अंकल म्हणाले, "तू आमच्या पार्टीत, मुलीकडून. घरापासून चर्चपर्यंत बँड चालणार आणि बँडच्या पुढे मी. इझाबेल पाच वर्षांची होती तेव्हा शब्द दिलाय, तुझ्या लग्नाला आजोबा पुढे वाजवत चालेल." बोलताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. पायाचा फोड आडवा आला म्हणून राहिले.

गंमत म्हणजे अंकल हल्ली इतकं अत्तर लावतात की ते आत आले की मागून सगळं लग्नघर चालत आल्यासारखं वाटतं. लग्नाची तयारी आतापासूनच. आणि चालतात कसे, एक टाच जोरात, दुसरी हलकी. टक, टुक. टक, टुक. मी शांताराम काकांना म्हटलं, बघा, बँडवाल्याचा ताल हाडात भिनलाय. काकांनी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. त्यांना संगीताची आवड दिसत नाही.

कर्नल साहेब त्यांना म्हणाले, "बूट काढा जरा, पाय बघू." अंकल उभेच राहिले. "सर, वाडीत पाणी सोडून आलोय, केळी बुडतील." आणि टक टुक करत गेलेसुद्धा. मला हसू आवरेना. साहेब मात्र दाराकडे बघत बसले. म्हणाले, "तिसऱ्यांदा केळी बुडतायत."

२८ नोव्हेंबर

आज काय झालं ते नीट लिहायचं आहे आणि मला नीट लिहिता येत नाहीये.

साहेबांनी गृहभेटीला पाठवलं. नंदाखाल काय सुंदर आहे, नारळ, केळी, गार रस्ता. इझाबेल माझ्याच वयाची, बँकेत आहे. दोन मिनिटांत आमची गट्टी जमली. तिने माझ्या सँडल पाहिल्या आणि पायात घालून ओसरीभर फिरली. आमचा नंबर एकच. "कुठून घेतल्यास? मला गाऊनवर अशाच पांढऱ्या हव्यात." मी दुकानाचा पत्ता, खुणा, सगळं सांगितलं. चावतात का विचारलं तर म्हटलं, दोन दिवस, मग बसतात. तेव्हा मी त्या साडेतीन आठवडे घालत होते. का बोलले कोण जाणे. छान मूड चालला होता, तो घालवावासा वाटेना.

मग ती सहज म्हणाली, "आजोबांचं काही कळत नाही. मोजे स्वतः धुतात, विहिरीपाशी, आम्हाला हात लावू देत नाहीत. झोपतातही मोजे घालून. विचारलं तर म्हणतात, फौजी सवय."

मी मागच्या पडवीत गेले. अंकल बुटाला पॉलिश करत होते. उजव्या बुटाचं पुढचं अस्तर आतून कापून काढलेलं. आत कापूस. कापूस पिवळा आणि लाल. अंकलनी बूट झटकन उलटा केला, पण मी पाहिलं होतं. अत्तराची बाटली शेजारीच होती.

मी म्हटलं, "अंकल, दाखवा."

"नाही."

मग त्यांनीच सांगितलं. गणपतीच्या सुमाराला अंगठ्याला काहीतरी लागलं. भरून येत नाही. "पण दुखत नाही गं. मुळीच नाही. दुखलं असतं तर मी आलो असतो." आणि मग, "डॉक्टरला दाखवलं तर काय बोलेल? चालायचं बंद. दवाखान्यात पडून राहा. लग्नाला आजोबा कॉटवर. इझाबेलला बाप नाही, बेटा. तिला चर्चपर्यंत मी नेणार. एकोणीस जानेवारी होऊ दे. वीसला ये कातर घेऊन, काय कापायचं ते काप. पण तोवर कुणाला सांगायचं नाही. शब्द दे."

आणि मी दिला. त्यांनी माझा हात धरला होता आणि मला रडू येत होतं. शब्द देऊन टाकला.

२९ नोव्हेंबर

मी गाढव आहे. मोठ्या अक्षरात लिहायला हवं पण पेन संपत आलंय.

सकाळी स्वतःला समजावलं की त्यांना दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार. माझी टाच ठणकते, ती खरी जखम. मग कर्नल साहेबांना सहज, कुणाचं नाव न घेता विचारलं, "सर, शुगरवाल्याच्या पायाला जखम असेल आणि दुखत नसेल तर बरंच ना?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दुखत नाही म्हणजे पायाला कळायचं बंद झालंय. तो पाय आधी जातो. अंगठा, मग घोटा, मग गुडघा. कधीकधी माणूस."

मी पाणी प्यायले. साहेबांनी विचारलं नाही कोण. फक्त बघत राहिले. मी पळून आले.

आता करू काय? सांगितलं तर शब्द मोडला, आणि माझ्या टेबलापाशी बसून सांगितलेलं बाहेर फुटतं हे एकदा कळलं की बाकीचेही मरेपर्यंत फर्स्ट क्लासच राहतील. नाही सांगितलं तर अंकलचा पाय जाईल. लग्नाला जेमतेम सात आठवडे आहेत. तोवर काय काय जाईल मला माहीत नाही. आईने आज कोलंबीची खिचडी केली होती. मी दोनदा वाढून घेतली, पण चव लागली नाही.

२ डिसेंबर, सोमवार

सुचलं. अंघोळ करताना सुचलं आणि मी ओल्या केसांनीच नाचले, टाच सांभाळून.

या लोकांना आजार सांगायची लाज वाटते. मी मुद्दाम तिघाचौघांना विचारलं. सुभेदार जयवंत साहेब म्हणाले, पलटनीत जो सारखा डॉक्टरकडे जातो त्याला बाकीचे कामचुकार म्हणतात, ते डोक्यातून जात नाही. म्हणजे एकट्याने बूट काढायचा म्हणजे कामचुकारपणा. पण सगळ्यांनी मिळून काढायचा असेल तर? हुकमाने? फोड दाखवला तर चहा.

मी कर्नल साहेबांकडे गेले आणि एका दमात म्हणाले, "सर, आपण फुट इन्स्पेक्शन घेऊया. सगळ्यांची. सात तारखेला सैन्याच्या ध्वजदिनाला सगळे येणारच आहेत, झेंडा, भाषण, समोसा. त्यानंतर बूट उतार. कुणा एकाची नाही, सगळ्या पलटनीची."

साहेबांच्या दोन्ही भुवया वर गेल्या. अशा एकदम दोन्ही मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी, सर."

"कोण आहे ते सांगणार नाही?"

"नाही, सर."

साहेबांनी कॅलेंडरवरची सात तारीख पाहिली. मग म्हणाले, "चहा कोण करणार?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. नोकरी नवी आहे.

७ डिसेंबर, शनिवार, ध्वजदिन

हसून हसून गाल दुखतायत आणि मधूनच रडूही येतंय, त्यामुळे अक्षर असंच येणार.

झेंडा झाला, भाषण झालं, समोसे संपले. सगळे ब्लेझर घालून, पदकं लावून हॉलमध्ये बसले होते. शांताराम काका पुढे आले आणि असा आवाज काढला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "पलटन, फुट इन्स्पेक्शन. बूट उतार."

कुणी हललं नाही. सत्तरीचे सगळे मठ्ठ चेहरे करून समोर बघत बसले. मला वाटलं, संपलं.

मग कर्नल साहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी स्वतःचे बूट काढले. डाव्या मोज्याला भोक, त्यातून अंगठा बाहेर, चांगला लिंबाएवढा. साहेबांनी त्या अंगठ्याकडे पाहिलं. सगळ्या हॉलने पाहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम माहेरी गेल्यात."

जो हशा उसळला. आणि हसता हसता नाड्या सुटायला लागल्या. काय काय निघालं त्या चकचकीत बुटांतून. भोवऱ्या, भेगा, नखं आत गेलेली, एकाच्या पायात स्वतःच्याऐवजी बायकोचे मोजे. आणि सुभेदार जयवंत साहेब, ज्यांच्या मिश्यांना मी पण घाबरते, त्यांची दहाही नखं गुलाबी. नातीने रविवारी रंगवलेली. ते ताठ बसून म्हणाले, "सर, युनिफॉर्मचा भाग नाही, पण हुकूम होता." साहेब प्रत्येकापुढे छोट्या स्टुलावर बसून पाय हातात घेऊन बघत होते. मी मागून लिहून घेत होते. दोघांच्या पायाला जखमा सापडल्या, त्यांनी कधी ब्रसुद्धा काढला नव्हता.

शेवटून दुसरे सॅन्टन अंकल. बूट तसेच. नाड्या घट्ट.

"बूट, सॅन्टन."

"सर, वाडीत पाणी..."

"बुडू देत केळी."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी नाही सांगितलं, अंकल. शपथ." आवाज चिरकला.

साहेब म्हणाले, "तिने तुमचं नाव घेतलेलं नाही. मी विचारलं तरी नाही. तुमचं अत्तर सांगतंय, दोन महिने. मी फौजेतला डॉक्टर आहे, अत्तराखालचा वास मला कळतो. पण तुमचा बूट मी ओढून काढणार नाही. तुम्ही काढायचा."

अंकल पुटपुटले, "लग्न आहे, सर. मला चालायचंय."

तेव्हा शांताराम काका आले, अंकलच्या पुढ्यात सरळ जमिनीवर बसले, गुडघे कटकट वाजले त्यांचे, आणि नाडीला हात घातला. "मरदा, जलम तू लोकान्ला उचलत आलास. आता तुला उचलायला आमी हाव का नाय? लग्नाचं आमच्यावर सोड. वरात आमी काढू. पन पाय दाखव." अंकलनी त्यांचा हात बाजूला केला. नाडी स्वतः सोडली. बूट स्वतः काढला.

मी पाय पाहिला. त्याबद्दल लिहिणार नाही. साहेब वाकून बराच वेळ बघत होते, मग उठून त्यांनी अंकलच्या खांद्यावर हात ठेवला. "आज अ‍ॅडमिट. बहुतेक अंगठा जाईल, शेजारचं बोटही. पाऊल वाचेल. महिनाभराने आला असता तर मी हे बोललो नसतो." मग आतल्या दाराकडे वळून ओरडले, "चहा आणा रे, पहिला कप इकडे."

अंकल चहा घेऊन बसले. आणि एक घोट घेऊन म्हणाले, "सर, अजून एक राहिलाय." बोट माझ्याकडे. "ही पोरगी महिनाभर लंगडतेय."

मी म्हटलं, छे, काहीतरीच, फर्स्ट क्लास आहे. सगळा हॉल असा हसला की समोश्याचा द्रोण उडाला. शांताराम काका म्हणाले, "आमाला पैल्या दिवसापासनं माहीत हाय, बाय. खुर्ची कशाला सरकवली मंग?" सुभेदार साहेबांनी गुलाबी नखं हलवत हुकूम दिला, "बूट उतार." आणि मी, समाजसेविका, एम.एस.डब्ल्यू., सगळ्या पलटनीसमोर मोरपंखी सँडल काढून बसले. पट्ट्यांचे थर सोलले तर टाच पिकलेली. साहेब म्हणाले, "लपवलीत. चार्ज." शिक्षा म्हणून सगळ्यांचे कप मी विसळले, अनवाणी. इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

१० डिसेंबर

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल वाचलं. पाऊल वाचलं, पाऊल वाचलं. रिक्षात मी हे मोठ्याने म्हणत होते, रिक्षावाला म्हणाला, मॅडम, घोषणा कसल्या देताय, कुणी निवडून आलं का?

अंकल शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य, "कॉर्नेट कुठेय?" ओठांची सवय जाईल म्हणे. इझाबेल रडत पण होती आणि रागावत पण होती. मलाही दोन शब्द बसले, तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. मी ऐकून घेतलं. मग तिनेच मला आईस्क्रीम खाऊ घातलं.

पांढरे कॅनव्हास बूट घेतले. आईने निवडले. एक दिवसही चावले नाहीत.

२५ डिसेंबर

नंदाखालला ख्रिसमस. अंकल घरी, पाय उशीवर. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय की लग्नापर्यंत तो पाय जमिनीला लागता कामा नये. अंकल म्हणाले, "मग शब्दाचं काय? पुढे चालेन म्हटलं होतं." इझाबेल म्हणाली, आजोबा, तुम्ही असलात की पुरे. अंकल भिंतीकडे बघत होते. मला हे बघवत नाही. बाकी केक उत्तम होता.

९ जानेवारी

दवाखान्यात काहीतरी शिजतंय आणि मला कुणी सांगत नाही. माझे फौजी मागच्या आवारात व्हीलचेअर घेऊन कवायत करतात. शांताराम काका आत बसलेले, बाकीचे ढकलतात. मी गेले की सगळे गप्प आणि आकाशाकडे बघतात. विचारलं, काय चाललंय? "फर्स्ट क्लास, मॅडम."

१९ जानेवारी, रविवार

आत्ताच आले. आधी लिहिते, मग जेवते.

सकाळी नंदाखालच्या घरापुढे बँड उभा. आणि बँडच्या पुढे माझी सगळी पलटन, ब्लेझर, पदकं, बूट आरशासारखे. मधोमध दवाखान्याची व्हीलचेअर, झेंडूच्या माळा लावलेली, त्यात अंकल, सूट, कॉर्नेट, पाय पुढे फळीवर. घराबाहेर पडताना इझाबेलने ते पाहिलं आणि दारातच तोंडावर हात ठेवला. अंकल म्हणाले, "पुढे असेन म्हटलं होतं. चालेन असं म्हटलं असेल तर ती बोलायची चूक." आणि कॉर्नेट ओठाला लावलं.

काय वाजवलं त्यांनी. गावातली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. मी बँडच्या मागे नाचत होते आणि माझ्या शेजारी कर्नल साहेब हलत होते. नाचत नव्हते, हलत होते, भुवया मात्र तालात.

चर्चच्या पायऱ्यांपाशी चाक अडलं. शांताराम काका म्हणाले, "उठव." चौघांनी खुर्ची उचलली. अंकलनी सूर मध्येच सोडला आणि कडाडले, "गाढवांनो, चढावर डोकं पुढे, पाय मागे. फिरवा. डावा पाय आधी. एक साथ. जखमी माणूस आहे, केळीचा लोंगर नाही." चौघांनी निमूट खुर्ची फिरवली, एक साथ, डावा पाय आधी. वर पोचेपर्यंत अंकल वाजवत होते, तोंड आमच्याकडे, उलटे चढत.

म्हणूनच त्यांना दिसलं. मागून इझाबेल येत होती, हसत, गाऊन सावरत, आणि एका पायरीवर तिचा चेहरा किंचित आकसला. कॉर्नेट थांबलं. बँड थांबला.

"इझाबेल. बूट उतार."

"आजोबा, आत्ता? फादर आत थांबलेत."

"फादरला मी सांगतो. फोड दाखवला तर चहा, लपवला तर चार्ज."

आणि नवरी चर्चच्या पायरीवर बसली. गाऊन थोडा वर घेतला. पांढऱ्या सँडल, उंच टाचेच्या, तुळिंजच्या. टाचेवर रक्त. मला जमीन दुभंगावी असं झालं. तिने माझ्याकडे पाहिलं. "दोन दिवस म्हणाली होतीस."

मी तिथेच बसले आणि माझे कॅनव्हास बूट काढले. नंबर एकच. कर्नल साहेबांनी खिशातून पट्टी काढली, नवरीच्या पायाला लावली, मी नाड्या बांधल्या. इझाबेल उठली, दोनदा उडी मारून पाहिली आणि म्हणाली, "फर्स्ट क्लास." मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "खरंच." अंकल वरच्या पायरीवर वाट बघत होते. तिने एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, शांताराम काकांनी खुर्ची ढकलली, आणि आजोबा आणि नात आत गेले.

मी मागून अनवाणी गेले. चर्चची फरशी गार होती.

आत्ता दारात आईने माझे पाय पाहिले. "बूट कुठायत?"

म्हटलं, "लग्न लावायला गेलेत."

तिने भिजवलेलं फडकं दिलं आणि आधी पाय पूस म्हणाली.